कवळीदादाचं इतर उत्पन्न

माझ्या बायकोचा थोरला भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून मापं येतात, हा मेणाच्या हिरड्या करतो आणि त्यात एकेक दात बसवतो. म्हणून सगळं घर त्याला कवळीदादा म्हणतं. गावाला दात देणारा हा माणूस पैशाचा विषय निघाला की स्वतःचे ओठ मिटून घ्यायचा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं मी त्याला तोंडावर म्हटलंय. तो हसला होता.

बायको एका कचेरीत हिशेब बघते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची इन्कम टॅक्सची रिटर्नं तिच्याच गळ्यात. एका रविवारी जो तो आपापले कागद घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी हजर होतो. तिची अट एकच, खोटं भरणार नाही. शेवटी ती विचारते, "आणखी कुठून काही मिळालं?" त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं, "मला कोण देतंय?"

यंदा तो चष्मा पुसत बसला.

"पुढे जाऊ ना?" बायको म्हणाली.

"थांब. व्याज आलंय. ते ॲप असतं ना, बँकेला मधे न घेता लोक लोकांनाच कर्ज देतात, तिथे लावलेत थोडे."

त्याने फोन पुढे केला. त्यात कर्जदारांची नावं नव्हती, नुसती कारणं. दुकान, लग्न, औषधोपचार. एकेका कर्जात कितीतरी जणांचे थोडे थोडे पैसे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बायको याच्याकडेच आधी गेली होती. "हात फार तंग आहे गं," असं सांगून याने तिला परत पाठवलं होतं.

"तू मागायला आलीस तेव्हा होते माझ्याकडे," दादा मान खाली घालून म्हणाला. "वाटलं, घरच्यांकडे परत मागता येत नाहीत, परक्याकडून व्याजासकट येतात. हेही लपवणार होतो. पण तुझ्याच हातून खोटं भरून घ्यायचं? लाज वाटली गं." त्याचे कान लाल झाले होते.

बायकोने आकडा 'इतर उत्पन्न'मध्ये भरला. ती रागावली नाही. रागावली असती तर निदान मला तरी बरं वाटलं असतं.

"औषधोपचारवाले वेळेवर फेडतात का रे दादा?"

"अगदी वेळेवर. एक हप्ता चुकत नाही."

"कसा चुकेल? पगार झाला की मी आधी तोच भरते."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "तू? इथूनच घेतलेस?"

"मग कुठून घेणार होते?"

मला ती म्हणाली होती, कचेरीतून उचल मिळाली. मीही खोदून विचारलं नव्हतं. जीव वाचला होता, तेवढं मला पुरलं. दादाला नावं ठेवणारा मी, माझीही मान खाली गेली. तिच्या कर्जात त्याचे पैसे होते की नव्हते, हे आता कुणालाच कळायचं नाही.

"हे व्याज परत करता येतं का गं?" दादाने विचारलं.

"नाही. मिळालंय ते दाखवायचं. रिटर्न पक्कं करायचा कोड तुझ्या फोनवर आला असेल, वाच."

दादाने फोन उचलला, पण त्याच्या तोंडून आकडे निघेनात. शेवटी मीच उठून वाचले.