आज्जाला बसवलं, म्हणून चूक!

म्हातारपणी माणसाला विसरायला होतं म्हणतात. मला होत नाही. दर शनिवारी गावच्या शाळेत एक तास बसून येते आणि आठवडाभर चिडायला पुरेल एवढं घेऊन येते! सहा वर्षांचं साठलंय. पोटात ठेवून काय करू? लिहून काढते.

वालूरच्या अलीकडं आमचं गाव. मी शाळेची पायरी लेकरू म्हणून कधी चढले नाही. तीस वर्षं देवगाव फाट्यावर चहाचं हॉटेल चालवलं. एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. आधी 'सेलू', मग 'जिंतूर', मग 'परभणी'. प्रवासी हॉटेलात पुस्तकं विसरून जायचे, ती वाचली. कुणी परत मागायला आलं, तर आधी पूर्ण करायची, मग द्यायची.

मग वरून शाळेत एक कागद आला. 'गोष्टीतून संस्कृती.' लेकरांना गोष्टी वाचून दाखवा, एकमेकांच्या घरच्या चालीरीती त्यांना कळू द्या, त्यासाठी गावातल्या जाणत्या माणसाला बोलवा. कागद चांगला होता. मी दोनदा वाचला, दोन्ही वेळा पटला. राग कागदाचा नाही. पुढं जे झालं त्याचा आहे.

•

पहिल्या दिवशी वर्गाच्या सरांनी रजिस्टर काढलं. आताच्या सरांचं नाव लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी वडील वारले, त्यानंतर वर्षभरात बदली होऊन आमच्या वर्गावर... नाही, आधी रजिस्टरचं सांगते. तेव्हाचे सर वेगळे होते.

"मावशी, शिक्षण किती?"

"देवगाव फाट्यावर थांबणाऱ्या सगळ्या गाड्या वाचल्यात!"

ते हसले आणि रकान्यात काहीतरी लिहिलं. मी टेबलाच्या पलीकडून, उलटं असलेलं, वाचलं. 'निरक्षर.'

म्हणलं, "सर, ते खोडा!"

•

आताचे सर आले ते मोबाईल घेऊनच. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत! वाईट माणसाशी भांडून मोकळं होता येतं.

एकदा शेतकरी बाईची गोष्ट होती. सरांनी फर्मान काढलं, सगळ्या मुलींनी नऊवारी नेसून यायचं, फोटो वर पाठवायचाय. नऊवारी आणायची कुठून? कुणी नाटकाची आणली, कुणी मावशीची.

सहावीतली शिवलीला मात्र बापाचा फुल शर्ट फ्रॉकवर घालून आली. डोक्याला रुमाल, कमरेला कापूस वेचायची झोळी. लिंगायताच्या घरची पोर, जिभेला हाड नाही.

सर म्हणाले, "अगं, हे काय सोंग? मागं उभी राहा. ही आपली संस्कृती नाही."

पोरीनं जागेवरूनच विचारलं, "सर, माझी आई रानात असंच जाती. मग ती कुणाची हाय?"

फोटो निघाला. शिवलीला त्यात नाही.

•

दुसरी एक गोष्ट नदीची होती. बारमाही वाहणारी, काठावर गर्द झाडी. सरांनी 'आमची नदी' लिहायला सांगितलं. लेकरांनी लिहिलं, आमची नदी दिवाळीनंतर आटती, मग आमी तिच्यात क्रिकेट खेळतो.

सरांनी सगळ्या वह्या परत केल्या. "नदी झुळझुळ वाहते, असं लिहा. पुस्तकात तसंच आहे."

लिहिलं बिचाऱ्यांनी. मार्चमध्ये शाळेचं बोअर बंद पडलं. सरांनी बाटली पुढं केली, "जा रे, कुणीतरी पाणी घेऊन या."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, झुळझुळ नदीवरून आणू का?"

•

आणि ते गाईड! मला तर ते गाईड म्हणजे भानामतीच वाटते. एका शनिवारी मी गोष्ट संपवली आणि विचारलं, "त्या सुनेनं घर सोडलं. बरं केलं का वाईट? तुमचं काय मत?"

एका पोरीनं हळूच दप्तर उघडलं.

"काय शोधायलीस गं?"

"थांबा आज्जी, माझं मत कितव्या पानावर हाय ते बघायलेय."

•

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

पुस्तकात आजोबा वारल्याची एक गोष्ट आहे. गोष्ट चांगली आहे. खाली प्रश्न होता, 'आजोबांचे अंत्यसंस्कार कसे झाले? तुमच्या घरचा अनुभव लिहा.' शिवलीलाचा आज्जा तेव्हा नुकताच गेलेला. तिनं लिहिलं:

'आमच्या आज्जाला आंघोळ घातली. भस्म लावलं. मांडी घालून बसवलं. गळ्यातलं लिंग हातात दिलं. रानात खड्डा केला आणि त्यात बसवूनच माती दिली. आज्जा जेवायला बसल्यासारखे दिसत होते.'

सरांनी त्यावर लाल रेघ मारली. खाली लिहिलं, 'चूक. मृताला मुलगा अग्नी देतो.' वरून वर्गात वाचून दाखवलं. 'जेवायला बसल्यासारखे'ला सगळी लेकरं खदखदा हसली.

त्या दिवसापासून पोर वर्गात बोलायची बंद. हजेरीला नुसता हात वर!

मी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढून उठून बाहेर आली. म्हणाली, "मावशी, लेकरू जेवंना गेलंय. रोज विचारायलंय, आई, आज्जाला आपण चुकीचं पुरलं का? आता उकरून जाळावं लागतं का?"

मी तिथून तडक शाळेत. चप्पलही काढली नाही.

"सर, तुमी आलते का तिच्या आज्जाच्या मातीला?"

"मावशी, मी तिला कमी लेखलं नाही. गाईडात उत्तर तसंच आहे. मी कुठलं बरोबर देऊ?"

"प्रश्न काय विचारलाव तुमी? तुमच्या घरचं लिहा! मग तिच्या घरी काय झालं ते तुमाला जास्त ठाऊक, का तिला?"

"मोठ्यानं बोलू नका, लेकरं ऐकायलेत."

"ऐकू द्या! लेकरांपुढंच बेइज्जती केलीत ना तिची?"

सर वह्या गोळा करत म्हणाले, "शनिवारचा तास तुमचा आहे. तुम्हाला काय करायचं ते करा."

•

केलं.

शनिवारी पुस्तक उघडलंच नाही. शिवलीलाची वही मागून घेतली आणि तिनं लिहिलेलं, लाल रेघेसकट, मोठ्यानं वाचलं. सर मागं भिंतीला टेकून उभे. एक पोरगं हसायला लागलं, त्याच्याकडं मी नुसतं बघितलं.

मग विचारलं, "तुमच्या घरी कसं करतेत रे? गाईड बंद."

पुढच्या बाकावरची रेश्मा म्हणाली, त्यांच्यात कबर असती, सगळे पुरुष मूठमूठ माती टाकतेत. एकजण म्हणाला, आमी जाळतो, राख गोदावरीला नेतो. एकीनं सांगितलं, तिचा भाऊ तान्हा असताना गेला, त्याला पुरलं, जाळलं न्हाई.

मघाशी हसलेल्या पोरानंच शिवलीलाला विचारलं, "बसवल्यावर पडत न्हाईत का?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. किती दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"न्हाई. बाजूनं माती भरतेत ना. हळू हळू."

मग ती मागं वळली. वही छातीशी धरलेली.

"सर, तुमच्यात?"

"अग्नी देतात," सर म्हणाले. "मुलगा देतो."

"तुमच्या बाबांना तुमीच दिलाव?"

सर भिंतीपासून पुढं झाले. पुन्हा टेकले.

"नाही. करोना होता. दवाखान्यातून परस्पर नेलं. नगरपालिकेच्या माणसांनी दिला. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही."

पोरीनं वहीतली लाल ओळ पुन्हा एकदा वाचली. बोट ठेवून, सावकाश. मग मान वर करून, अगदी काळजीनं, विचारलं,

"मग सर, तुमच्या बाबांचं बी चूक झालं का?"