अडलं तिथे लाल टाका

रफूताईंच्या हाताखालून गेलेलं भोक पुन्हा कोणाला सापडत नसे. कोट उलटा करा, सुलटा करा, उजेडासमोर धरा, शोधणारा शेवटी हात टेकायचा. लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर एक भिंग, सुयांची डबी आणि त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ओढून काढलेले दोरे. पुढच्या खोलीत वन्सं, म्हणजे त्यांच्या थोरल्या नणंदबाई, इस्त्री करायच्या. वन्संची इस्त्री गरम आणि जीभ तिच्याहून गरम.

लाँड्रीची एक रीत होती. आलेला कपडा वन्सं आधी नजरेखालून घालायच्या आणि जिथे विरलं-फाटलं असेल तिथे लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालायच्या, म्हणजे मागे काही सुटायला नको. ही रीत लक्षात असू द्या.

रफूताई शाळेत आठवीपर्यंत गेल्या. तिथे त्यांना ‘डोकेखाऊ’ म्हणायचे. पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते, असं मास्तरांनी शिकवलं, तेव्हा या बाईंनी उठून विचारलं, “ओढते, पण कशानं? दोरी कुठे आहे?” वर्ग खिदळला, मास्तरांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं. त्यानंतर त्यांनी तोंडाला कुलूप घातलं, ते थेट चाळीस वर्षांनी उघडलं.

उघडणारे गृहस्थ प्राध्यापक होते. कोपरावर कसरीच्या किड्यांनी खाल्लेला तपकिरी कोट घेऊन आले आणि काम बघत खिडकीशीच उभे राहिले. रफूताईंनी त्यांना भिंग दिलं. वरून सपाट दिसणारं कापड भिंगाखाली उभ्या-आडव्या दोऱ्यांची जाळी झालं. प्राध्यापक लहान मुलासारखे हरखले.

“अहो, हेच तर मला पुस्तकात सांगायचंय!” ते म्हणाले. “जागा, पोकळी, आपण जिच्यात फिरतो ती. ती वरून सलग दिसते. पण अगदी आत गेलं तर तीही अशीच तुकड्यातुकड्यांची असावी, असं आम्हाला वाटतं.”

“किती आत?”

“एक अणू फुगवून, दिसतं तेवढं सगळं विश्व व्यापेल एवढा केला, तर त्यातला हा तुकडा जेमतेम एखाद्या झाडाएवढा होईल.”

“मग तो पाहिला कोणी?”

“कोणीच नाही.”

“मग ‘असावी’ म्हणता ते बरोबर. ‘आहे’ म्हणू नका.”

प्राध्यापकांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. बाई बोलल्या ते कोणीतरी लिहून घेतलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आनंदानं.

पुढची चार वर्षं प्राध्यापक पुस्तकाची पानं आणून द्यायचे. “माझे सहकारी वाचतात, पण त्यांना सगळं आधीच माहीत असतं,” ते म्हणायचे. “तुम्ही वाचा. अडलं तिथे खूण करा.” दुसऱ्याच्या पानावर पेन चालवणं रफूताईंना बरं वाटेना. त्यांनी लाँड्रीची रीत धरली. अडलं त्या ओळीशी, समासात, लाल टाका. पहिल्या प्रकरणाला एकसष्ट टाके पडले. वन्सं म्हणाल्या, “अगं, विश्व फाटलंय का मेलं?”

पण त्या टाक्यांमुळे रफूताईंच्या मनातली जुनी दोरी सुटत गेली. ओढणारी दोरी नाहीच, जागाच वाकते आणि वस्तू त्या वाकणीनं जातात, हे त्यांना कळलं. फार लहान जगात सगळं दाण्यादाण्यानं चालतं, हेही कळलं. ही दोन्ही म्हणणी खरी, पण अजून कोणाला नीट एकत्र शिवता आलेली नाहीत, आणि प्राध्यापकांसारखे लोक तीच शिवण घालू बघतायत, हे कळल्यावर तर त्यांना मास्तरांच्या दारात जाऊन उभं राहावंसं वाटलं. मास्तर केव्हाच गेले होते.

मग आलं सातवं प्रकरण. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की विश्वाचे हे बारीक दोरे पोकळीत जाळ्यासारखे पसरलेले असावेत. रफूताईंनी तिथे एक सोडून तीन टाके घातले.

“इथे कसं अडलात?” प्राध्यापकांनी विचारलं. “ही तर सोपी ओळ आहे.”

“सर, दोरे पोकळीत पसरलेत म्हणता. पण पोकळीच जर दोऱ्यांची झालीय, तर ते पसरलेत कशात? कापड आधी आणि दोरे त्यात मागून ठेवले, असं असतं का? दोरे एकमेकांत गुंतले, त्या गुंतण्यालाच आपण कापड म्हणतो. दोरे काढून घ्या, मागे रिकामं कापड उरतं का?”

प्राध्यापकांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसले. “माझ्याच तोंडी असतं हे रोज,” ते म्हणाले, “आणि मीच चुकीचं लिहून बसलो. ताई, पहिल्या पानावर तुमचे आभार मानणार. शब्द देतो.” वन्सं इस्त्री उभी करून दारात आल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पुस्तक निघालं. समारंभाचं बोलावणं आलं. दोघी ठेवणीतले कपडे घालून सभागृहात गेल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या. प्राध्यापक बोलायला उभे राहिले. अंगात तोच तपकिरी कोट होता.

“माझ्या ओळखीच्या एक रफू करणाऱ्या बाई आहेत,” ते म्हणाले. “साध्या, भाबड्या. त्यांना वाटायचं, विश्वाचे दोरे कुठल्यातरी रिकाम्या खोलीत वाळत घातलेत!” सभागृह हसलं. रफूताईही हसल्या. इतकी साधी चूक कोणी करावी, असं वाटून त्या क्षणभर मोकळेपणानं हसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई म्हणजे आपण.

“त्यांना समजावता समजावता मलाच लख्ख उजेड पडला,” प्राध्यापक पुढे सांगत होते. “मी म्हटलं, बाई, दोरे काढून घेतले तर मागे कापड उरेल का? आणि मला माझं सातवं प्रकरण सापडलं. त्या इथेच आहेत! ताई, जरा उभ्या राहा.”

त्या उभ्या राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रेमानं वाजवल्या. कोणी मागून म्हणालं, “किती गोड.”

“बोल ना!” वन्संनी हात ओढला. “सांग, की उलटं झालं होतं. नाहीतर मी सांगते, मी होते तिथे.”

रफूताई प्राध्यापकांकडे बघत होत्या. खोटं बोलणाऱ्याची नजर कुठेतरी चुकते. यांची चुकली नाही. त्यांना ते खरंच तसं आठवत होतं. चोरानं चोरी केली तर ओरडता तरी येतं. हा माणूस त्यांची गोष्ट आपलीच समजून अंगावर घालून उभा होता आणि त्यांच्याकडे बघून मायेनं हसत होता. टाके घातलेली पानं त्याच्याकडेच होती. त्या खाली बसल्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार होते, “माझ्या सर्व साध्या वाचकांचे.”

घरी येताना वन्संनी त्यांच्या वाटचं सगळं बोलून घेतलं. रफूताई एवढंच म्हणाल्या, “मास्तरांनी निदान बाहेर काढलं होतं. यांनी आत बोलावून हे केलं.”

वर्षभरानं प्राध्यापक आले. कोटाच्या दुसऱ्या कोपरावर कसर लागली होती आणि बगलेत नव्या पुस्तकाचा गठ्ठा होता. “तुमच्याशिवाय कोणाकडे जाणार?” ते म्हणाले. रफूताईंनी दोन्ही ठेवून घेतलं.

कोपर त्यांनी नेहमीसारखंच केलं, कोणाला सापडू नये असं. गठ्ठा त्यांनी ओळ न् ओळ वाचला. चाळिसाव्या पानापर्यंत ठीक होतं. एकेचाळिसाव्यावर प्राध्यापकांनी लिहिलं होतं की काळाचे क्षण एका लांब रिकाम्या काळात मण्यांसारखे ओवलेले आहेत. ‘असावेत’ नव्हे, ‘आहेत’. तीच जुनी चूक, नुसती जागेवरून काळावर गेलेली, आणि पुढची सगळी प्रकरणं तिच्यावर उभी. रफूताईंनी सुईत लाल दोरा ओवला. सुई कागदाला लावली. मग ती डबीत परत ठेवली.

“एकही टाका नाही?” गठ्ठा चाळून प्राध्यापक म्हणाले.

“कुठे अडलंच नाही, सर.”

“म्हणजे मला आता खरंच सोपं लिहिता यायला लागलं!” त्यांचा चेहरा फुलला. कोट अंगात चढवून, कोपर कौतुकानं चाचपत ते गेले.

वन्संनी इस्त्री उभी केली. “खरंच अडलं नाही?”

“एकेचाळिसाव्या पानावर भोक आहे. हात जाईल एवढं.”

“बरं केलंस! चांगली खोड मोडली.”

रफूताईंनी पुढचा कपडा ओढला आणि भिंगाखाली धरला. उभ्या आयुष्यात भोक दिसत असताना माल तसाच परत देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. असं केल्यावर बरं वाटेल, असं त्यांनी वर्षभर धरून ठेवलं होतं. बरं वाटलं नाही. आता हे प्रश्न विचारायचे कोणाला, एवढंच मनात येत राहिलं, आणि भिंगातले दोरे दिसेनासे झाले.