नऊ चालू बॅटऱ्या

आमच्या घरी टॉर्चचे सेल पत्र्यावर वाळत घातलेले असायचे. लोक पापड घालतात तसे. सेल उतरला की आबा तो दातानं दाबून बघायचे, मग दोन दिवस उन्हात ठेवायचे. त्यावर टॉर्च आणखी तीन-चार दिवस पिवळा उजेड द्यायची. नव्वदच्या दशकात शाहूवाडीकडच्या आमच्या बौद्धवाडीत विजेचे खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. आई-आबा दुसऱ्यांच्या शेतात भात लावायला जायचे. दहावीचा अभ्यास मी चिमणीवर केला. पुढं कोल्हापूरला होस्टेलवर राहिले आणि बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे सांगितलं की काहीजणांना बढाई वाटते. वाटू दे.

राजारामपुरीतल्या एका मोबाईल सर्व्हिस सेंटरमध्ये मला नोकरी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या काळी ते घरोघरी होतं. मी एक खोली भाड्यानं घेतली आणि आई-आबांना गावाहून आणलं. आबांना घरात बसवेना. ते दुपारी माझा डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत सेंटरच्या बाकावर बसून राहायचे. शेजारी कोण बसेल त्याला सांगायचे, "ती काउंटरवरची माझी लेक. इंजिनेर हाय."

एका सकाळी मी शटर उघडायच्या आधीच दारात साठ-सत्तर माणसं उभी होती. आदल्या दिवसापासून टीव्हीवर एक जळका फोन सारखा दाखवत होते. कंपनीनं जाहीर केलं होतं, की ठराविक काळात बनलेल्या काही बॅटऱ्यांत दोष आहे, त्या फुकट बदलून मिळतील. याला रिकॉल म्हणतात. विकलेला माल कंपनीनं स्वतःहून परत बोलवायचा.

दोष काय होता ते सोप्या शब्दांत सांगते. मोबाईलच्या बॅटरीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असतात. मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाटला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. बॅटरी तापते, फुगते, कधी पेट घेते. चार्जिंगला असताना धोका जास्त. पण तोपर्यंत ती अगदी नीट चालते. फोन वाजतो, बोलणं होतं. बाहेरून बघून इंजिनिअरलाही काही कळत नाही. बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरांत नंबर असतो, तो यादीशी ताडून बघायचा, एवढाच मार्ग.

आमचे मॅनेजर सावंत साहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ, 'स्फोट' हा शब्द काउंटरवर नको. 'पेट' नको. घाबरू नका, बॅटरी चालू आहे, फक्त खबरदारी म्हणून बदलतोय. एवढंच बोलायचं."

"पण सर, धोका आहे हे तर सांगायला पाहिजे."

"बाहेर बघितलीस का गर्दी? चेंगराचेंगरी करायची आहे?"

मी ऐकलं. त्या वाक्यानं लोक खरंच शांत होत होते.

एकेक नग यायचा. जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानदारानं फोन काढला, तो आतून-बाहेरून गुलालानं माखलेला. बॅटरीवरचा नंबर दिसेना. मी स्पिरिटनं पुसायला लागले तर म्हणाला, "पुसा, पुसा. पण फुकटची नवी दिली म्हंजी झालं." दुसऱ्या एकानं स्टीलच्या डब्यातून फोन आणला होता. वर झाकण, झाकणाला दोरी.

"हे काय वं पावणं?" शेजारच्यानं विचारलं.

"बायको घरात घीना झालीया. दोन दिस म्हशीपाशी ठेवलाय."

"मग म्हशीचं काय?"

हॉलभर हशा पिकला. एका बाईनं मला विचारलं, "पोरी, साहेब कुठं हायत?" मी म्हटलं, "इंजिनिअर मीच." तिनं आधी बाकाकडं बघितलं. आबा मान हलवून "व्हय, व्हय" म्हणत होते. मग तिनं फोन पुढं केला.

चौथ्या दिवशी नव्या बॅटऱ्या संपल्या. दोषी बॅटरी जमा करून घ्यायची, रजिस्टरमध्ये बॅटरीचा नंबर, नाव, गावातला एखादा फोन नंबर, सही घ्यायची आणि सांगायचं, पंधरा दिवसांनी या. थांबायचं नसेल तर बॅटरीचे पैसे परत, फॉर्म भरा. पैशाचं ऐकून एक म्हातारा भडकला. "पैसं घिऊन काय करू? पोरगं पुण्याला हाय. त्येचा फोन काय पैशात वाजतोय व्हय?" तो बंद फोन खिशात घालून गेला. असे पुष्कळ गेले. आबा बाकावरून बघत होते.

जमा झालेल्या बॅटऱ्या कंपनीला परत पाठवायच्या होत्या. कुरिअरवाल्यानं पेटी बघितली आणि हात वर केले. "म्याडम, टीव्ही आमी बी बघतो." सावंत साहेब म्हणाले, राहू देत, कंपनीचा माणूस येईल. म्हणून खोकी मागच्या स्टोअरमध्ये ठेवली. पिण्याच्या पाण्याचा पिंपही तिथंच. सगळ्यांची तिथं ये-जा. खोक्यांना कुलूप नव्हतं, बॅटऱ्यांवर खूणही केलेली नव्हती. कंपनीच्या सूचनेत तसं काही लिहिलं नव्हतं आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी बांबवड्याच्या शांताबाई आल्या. आमच्या गावाकडच्या, म्हणून तोंडओळख होती. त्यांच्या फोनचं मागचं झाकण बसत नव्हतं. मी बॅटरी काढली. ती मधोमध फुगलेली होती, चांगली टरारून. नंबर यादीत होता. मी रजिस्टर उघडलं आणि नंबर लिहायला घेतला. मला तो ओळखीचा वाटला. मागची पानं चाळली. तोच नंबर, माझ्याच अक्षरात. जयसिंगपूरच्या एका मास्तरांनी आठवड्यापूर्वी जमा केलेली बॅटरी. पुढं 'जमा' असा शेरा आणि माझी सही.

मागच्या खोक्यात असायला हवी ती बॅटरी माझ्या हातात होती, फुगलेली.

मी सावंत साहेबांना बोलावलं. आम्ही दोघांनी स्टोअरमध्ये बसून खोकी मोजली. पुन्हा मोजली. नऊ कमी.

"चोरी," साहेब म्हणाले. "आपल्यातलाच कोणीतरी मार्केटमध्ये विकतोय. आज पोलिसात जातो."

काउंटरवर येऊन मी शांताबाईंना विचारलं, "मावशी, ही बॅटरी कुणाकडनं घेतली?"

"आता गं! तुझ्या आबांनीच दिली की."

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. बाकावर आबा माझा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

त्यांना मागं नेलं. "आबा, तुम्ही यातल्या बॅटऱ्या दिल्या?"

"दिल्या. आपल्या वळकीच्यास्नीच. बिचारी लांबनं येत्यात, अन् बंद डबडं घिऊन जात्यात. हितं खोकी भरून पडल्यात. चांगल्या चालू हायत की."

"कुणाला विचारलंत?"

"तू कामात हुतीस. नवी आली की ही आणून द्या म्हनून सांगितलंय समद्यास्नी. मी काय चोर न्हवं."

सावंत साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, त्या खराब आहेत म्हणून जमा केल्यात!"

"खराब म्हंजी बंद, एवढं ठावं हाय मला. ह्या तर वाजत्यात."

वाद घालायला वेळ नव्हता. नऊ बॅटऱ्या नऊ घरांत होत्या, आणि बहुतेक घरांत फोन चार्जिंगला लागतो तो उशाशी. आबांना लिहिता येत नाही, पण नऊही माणसं त्यांना पाठ होती. ते नाव सांगत गेले, मी रजिस्टरमधून त्यांचे फोन नंबर काढून फोन लावत गेले. पहिल्याला म्हटलं, "फोनमधली बॅटरी लगेच काढा," आणि त्यानं लगेच काढली. फोन कट. पुढचं त्याला कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यानंतर मी सुरुवातच अशी केली, "आधी सगळं ऐका, मग बॅटरी काढा. चार्जिंगला लावायची नाही. घराबाहेर ठेवा आणि उद्या घेऊन या." शांताबाईंची धरून आठ झाल्या. पहिल्या गड्याच्या शेजाऱ्याला फोन करून खात्री केली.

नववी हौसाआक्काकडं होती. आबांची चुलत बहीण, राहायला आमच्या बौद्धवाडीतच. तिचा फोन लागेना. वाडीत रेंज फक्त शाळेच्या टेकाडावर येते. मी घड्याळ बघितलं. एक वाजला होता. तेव्हा लोडशेडिंग होतं. आमच्या गावाला वीज चार वाजता यायची, आणि वीज आली की सगळी वाडी आधी फोन चार्जिंगला लावायची.

"उद्या सकाळी जा," साहेब म्हणाले.

"चार वाजता लाईट येते सर," मी म्हटलं आणि आबांना घेऊन स्टँड गाठला.

मलकापूरची एसटी भरलेली. आम्ही दोघं मागच्या सीटवर. आबा खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तूच तर दिसभर सांगत हुतीस."

"काय?"

"घाबरू नका, बॅटरी चालू हाय. शंभरदा आयकलंय मी. तू खोटं कशाला सांगशील, म्हनलं."

इतके दिवस काउंटरवर मी ते वाक्य म्हटलं होतं, आणि त्या हॉलमध्ये त्यावर पूर्ण विश्वास ठेवणारा एक माणूस रोज बाकावर बसलेला होता.

मलकापुरातून पुढं वडापची जीप मिळाली. वाडीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. वीज आलेली होती. मी पळाले. चप्पल कुठं तुटली ते कळलं नाही.

हौसाआक्का दारात तांदूळ निवडत होती. "जयभीम गं. अशी पळतीस का? कोन गेलं?"

"फोन कुठाय?"

"लावलाय की आत."

आत खाली वाकळ अंथरलेली. तिच्यावर आक्काची दोन वर्षांची नात झोपली होती. तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर फोन, भिंतीतल्या बोर्डाला लावलेला. मी आधी बटण बंद केलं आणि वायर उपटली. फोनला हात लावला तर चटका बसला. झाकण वर आलं होतं आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. हा वास आला की बॅटरी आतून फुटलेली असते. मी कोपऱ्यातली परात ओढली, फोन तिच्यात ढकलला आणि परातीसकट अंगणात फेकला.

"आगं, फोन! माझा फोन!" आक्का ओरडली.

तेवढ्यात फुस्स असा आवाज झाला. पांढरा धूर निघाला आणि हातभर उंचीची ज्वाळा. ज्वाळा पिवळी नव्हती, पांढरट होती, सुतळी बॉम्बच्या वातीसारखी सणसणत होती. कोंबड्या उडाल्या. धावत आलेल्या आबांनी दोन्ही हातांनी माती ओढून टाकली, तरी ती मातीखाली धुमसत राहिली. असं काही होऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, ट्रेनिंगमध्ये लिहून घेतलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते.

आक्का आत गेली आणि झोपलेल्या नातीला उचलून बाहेर आली. पोर रडायला लागली. आबा तिथंच मातीत बसले.

दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी माणसं येऊन बॅटऱ्या देऊन गेली. सावंत साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"झालं ते झालं. कुणाला लागलेलं नाही. रजिस्टरमध्ये लिही, एक बॅटरी कुरिअरकडं गहाळ. विषय संपला."

"कुरिअरवाल्यानं नेल्याच नाहीत सर."

"मग काय लिहिणार? 'माझ्या बापानं वाटल्या' असं? नोकरी जाईल तुझी. कळतंय ना?"

कळत होतं. खोलीचं भाडं, आईचं औषध, सगळं त्या नोकरीवर होतं. मी घरी जाऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, "माझं नाव घाल. इचारलं तर मी सांगतो. पर ती पोर मेली असती, हे बी लिव्ह."

मी कंपनीला दोन पानी रिपोर्ट लिहिला. जमा बॅटऱ्या उघड्या ठेवल्या, ही माझी चूक. त्या माझ्या वडिलांनी वाटल्या. काउंटरवर आम्ही लोकांना अर्धीच गोष्ट सांगितली. खाली माझी सही. सावंत साहेबांनी ताठ चेहऱ्यानं त्यावर शिक्का मारला, पण मारला.

नोकरी गेली नाही. मला लेखी वॉर्निंग आली, साहेबांनाही आली. आबांना स्टोअरमध्ये जायला बंदी झाली. पाठोपाठ सगळ्या सेंटरना एक सर्क्युलर आलं: जमा बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, पाठीवर मार्करनं फुली मारा, वाळूच्या डब्यात ठेवून कुलूप लावा. आमच्या सेंटरमध्ये ते मी आधीच सुरू केलं होतं. काउंटरवरचं वाक्यही बदललं. "ही चालू आहे, म्हणूनच धोक्याची आहे. बंद पडलेली कुणी वापरत नाही." लोक घाबरायचे. चेंगराचेंगरी एकदाही झाली नाही. धंद्यात इतकी वर्षं काढून माझं मत झालंय, की घाबरलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळता येतं. निर्धास्त केलेल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

हौसाआक्काला नवा फोन मिळाला. थांबलेल्या प्रत्येकाला नवी बॅटरी मिळाली, ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांना पैसे. शेवटी एकदाचा कंपनीचा माणूस खोकी न्यायला आला. त्यानं रजिस्टर समोर ठेवून एकेक नंबर वाचला, मी एकेक बॅटरी पुढं केली. शेवटची प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, जळून कोळसा झालेली. तिचा नंबर वाचता येत नव्हता, तो रिपोर्टमध्ये होता. त्यानं तीही मोजली. आकडा बरोबर आला.