परत गेलेलं ताट

अ‍ॅग्नेसबाई वसईच्या. बहरीनमध्ये मनामाच्या इस्पितळात नर्स, आणि जीभ अशी की डॉक्टरही जपून असत. तिथल्याच झिंज भागात आम्ही दोघी हारूनबाबा या बहरिनी घरमालकाच्या भाडेकरू. त्यांच्या अंगणात खजुराची झाडं होती. दर उन्हाळ्यात पहिला पिकलेला खजूर ताटातून प्रत्येक भाडेकरूकडे यायचा. ते ताट रिकामं परत धाडायचं नाही, हा रिवाज त्यांचाही आणि आपलाही.

एकोणऐंशी साली घडांवर कोळी कीड पडली. फळांवर धुळीनं माखलेली जाळीच जाळी. बाबांनी सलमाबादहून फवारणीवाला आणला, आणि दोनच दिवसांनी ताटं आली.

बाईंनी अंगणात पडलेला औषधाचा डबा उचलून वाचला. फवारल्यावर दोन आठवडे फळ खाऊ नये, असं त्यावर स्पष्ट छापलं होतं. आदल्याच महिन्यात त्यांच्या वॉर्डात एक फवारणी कामगार तोंडाला फेस येऊन गेला होता. बाईंनी भरलं ताट तसंच नेऊन बाबांपुढे ठेवलं, तेही चार पाहुण्यांदेखत. बाबांचा चेहरा उतरला. महिनाअखेर घर सोडा, म्हणाले.

बाईंचा नवरा रेमंड माफी मागायला निघाला. त्याचंही खरंच होतं, तेवढ्या भाड्यात दुसरं घर कुठलं मिळायला! बाईंनी त्याला दारातूनच मागे ओढलं आणि स्वतः गेल्या.

"बाबा, घर छोड देगी मैं. पर तुम्हारी पोती भी यही खाती है. पहले ये सब गाडो."

त्याच संध्याकाळी अंगणात खड्डा खणला गेला, आणि सगळ्यांची ताटं त्यात रिकामी झाली.

शुक्रवारी बाईंनी शिडी लावली आणि नळाच्या पाइपनं झाडं धुवायला घेतली. धुळीत ही कीड फोफावते, तर धूळच ठेवायची नाही, हा त्यांचा हट्ट. घर सोडायचंय तर कशाला मरता, असं मी विचारलं.

"सोडीपर्यंत माझंच आहे," त्या म्हणाल्या.

महिना सरला, पण सामान बांधायला कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी घड हिरवे असल्यापासून दर शुक्रवारी धुणं चाललं. जाळी दिसली की तो घड कापून जाळायचा. बाबा कुरकुरायचे, पण शिडी तेच धरायचे.

जुलैत बाबा स्वतः ताट घेऊन आले. दारातच एक खजूर आधी आपण खाल्ला, मग ताट पुढे केलं.

"दवा मफी. खाली पानी." म्हणजे औषध नाही, नुसतं पाणी.

बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी ताट परत गेलं, तेही भरलेलंच. या वेळी त्यात बाईंच्या हातची सांदणं होती.