बिननांगरी आत्याबाई

आत्याबाई वर्षभर बैलाच्या बरोबरीनं जेवायच्या, आणि ऋषिपंचमीला मात्र बैलाचं नाव काढलेलंही त्यांना खपायचं नाही. ज्यांच्या घरी पंचमी पाळतात त्यांना सांगायला नको. त्या दिवशी बाईनं बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगराविना, आपोआप उगवलेलं तेवढंच खायचं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. मूलबाळ नाही, नावावर जमीन नाही, घरात कुणी काही विचारायचं नाही. ओढ्याकाठचा एक पडीक तुकडा तेवढा त्यांनी आपला मानलेला. तिथे कुर्डू, चिघळ, अळू, कुंपणावर करटुल्यांचे वेल आणि पाणथळीत आपसूक येणारं देवभात. पंचमीला महाळुंगे पडवळ गावातल्या आमच्या वस्तीवरच्या झाडून साऱ्या बाया त्यांच्या दारात उभ्या राहत. जिला त्या “घे गं” म्हणत तिची पंचमी साजरी. जिच्यावर रुसत तिनं पाणी पिऊन निजावं. वर्षभर चुलीमागे बसणारी बाई त्या एका दिवशी तहसीलदार व्हायची.

मी राजुरीची, बागायतदाराची लेक, त्यात बी.ए. पदवी मी पदरासारखी सारखी सावरत असे. पहिल्याच पंचमीला मी भाजी निवडता निवडता व्याख्यान दिलं, “आत्याबाई, यात ऋषीबिषी काही नाही. नांगर यायच्या आधी आदिमानव हेच खायचा. रोज.”

“रोज? आन् भाकर?”

“भाकरी नव्हतीच तेव्हा.”

“मंग त्येंच्या बायांना बारा म्हयने पंचमीच की! बिचाऱ्या. म्हनून मेली असतील ती मान्सं.”

पुढे गावात ट्रॅक्टर आले आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. पंचमीला भरल्या ओसरीत मी जाहीर केलं, “आता नांगरायला बैल कुठाय? ट्रॅक्टरचा गहू आज चालतो!” चपातीच्या आशेनं दोघीतिघींचे डोळे लकाकले.

आत्याबाईंनी मान वर केली नाही. “रानात खत कसलं घातलं व्हतं?”

“शेणखत.”

“कुनाचं शेन?”

“आपल्या बैलांचं.”

“मंग? त्याला काय कष्ट पडत न्हाईत व्हय गं?”

बाया इतक्या हसल्या की एकीचा उपास ठसक्यानंच मोडायची वेळ आली. महिनाभर मला पाहिलं की वस्तीवरचे पदर तोंडाला जात होते.

मग माझी अक्कल टोमॅटोकडे वळली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला तेजी होती आणि हा तुकडा फुकट पडलेला! मी ह्यांच्या कानाला लागले. एके दिवशी जेवताना ह्यांनी विषय काढला, “आत्या, ओढ्याचा तुकडा नांगरून घ्यावा म्हनतो.” आत्याबाई अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या. हे कधी घडलं नव्हतं. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

भांडी घासताना त्या हळूच म्हणाल्या, “सूनबाई, तुकडा गेला तर माज्या दारात कुत्रं बी यायचं न्हाई.”

“अहो, बायांना टोमॅटो देऊ की आपण!” मी म्हणाले. बी.ए. होते ना.

हे ट्रॅक्टर ठरवायला गेले. पहिला ट्रॅक्टरवाला म्हणाला, “भाऊ, आई घरात घ्यायची न्हाई मला.” दुसऱ्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, “डिझेल न्हाई.” उभा ट्रॅक्टर धडधडत होता, तरी डिझेल नव्हतं. शेवटी मी राजुरीहून धाकट्या भावाला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. त्याला कुठली आलीय आमच्या वस्तीची भीती?

आत्याबाईंनी त्याला ओढ्याकडे जाऊच दिलं नाही. “पावनं, एवढ्या लांबून आला, आदी जेवा.” करटुल्याची भाजी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. भाऊ जेवला, पुन्हा जेवला आणि ओसरीवर आडवा झाला. उठल्यावर म्हणतो, “ताई, लई भारी चव राव! आन् हे नांगरायचं व्हय? येडी का खुळी तू?” पिशवीभर करटुली घेऊन गडी राजुरीला परतला. टोमॅटोचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. मंचरच्या दवाखान्यात होत्या. मी मोठ्या भक्तिभावानं कुर्डूची भाजी करून नेली. “आत्याबाई, तुमच्या ओढ्याची.”

त्यांनी डब्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं. “त्यापरीस टोमॅटूचं सार आन की.”

“आत्याबाई!”

“काय आत्याबाई? गिळगिळीत असतोय त्यो पाला. जल्मात आवडला न्हाई मला.”

“मग एवढा तुकडा अडवून कशाला धरलात?”

“शाणे, टोमॅटू समद्यांच्याच दारात हाय. त्यापायी माज्या दारात कोन आलं असतं?”

दुसऱ्या दिवशी मी सार नेलं. दोन वाट्या प्यायल्या, ओठ पुसले, म्हणाल्या, “गूळ कमी पडला.” त्याच आठवड्यात गेल्या.

तुकडा अजून तसाच आहे. पंचमीला बाया आता माझ्या दारात येतात. पुण्याला गेलेल्या लेकीसुनासुद्धा गाडी काढून येतात आणि पाल्याचे फोटो घेतात. मी खुर्चीत बसून “घे गं” म्हणते. जिच्याशी बिनसलंय तिला जरा तिष्ठत ठेवते. मग सगळ्यांदेखत त्या भाजीचा मोठा घास घेते.

परवा नातसून म्हणाली, “आजी, तुम्हाला फार आवडते ना ही भाजी?”

घास कसाबसा गिळून मी म्हटलं, “लई.”