माझ्या शांततेचे चौकोन

मंडळी, आज माझा पोपट झालाय, आणि तो एका फॉन्टने केलाय.

रविवारी चेन्नईच्या आमच्या मराठी मंडळात समूहगान आहे. मी हौसेने नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं लिहिलं. मध्ये दोन मात्रांची शांतता ठेवली. तीच माझी खरी कलाकारी!

सकाळी गिंडीतल्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल छापायला दिली. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता, त्यामुळे विरामाच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन उमटला. मी न बघताच कागद वाटले.

तालीम सुरू झाली. माझी शांतता आली आणि गाणाऱ्या आठही जणींनी मांडीवर फाडकन थाप मारली.

"हे काय?" मी ओरडलो.

त्यांच्यातल्या तंजावरच्या रुक्मिणीमामी लहानपणापासून कर्नाटक संगीत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, रिकामं घर दिसलं की हातानं ताल धरायचा. नाहीतर मोजायचं कसं?"

मी तणतणत फॉन्ट घेऊन झेरॉक्सवाल्याकडे परत गेलो, खरी चिन्हं छापून आणली. आता शांतता झाली खरी, पण तिच्यातून आठ जणी आठ वेळी बाहेर आल्या.

सध्या घरी बसून सगळे विराम पुसतोय आणि त्यांच्या जागी एकेक चौकोन काढतोय.

चूक जशीच्या तशी परत आणायला एवढी मेहनत तुमच्यापैकी कुणी घेतलीय का?