हजेरीत हजर, उसाच्या फडात

अद्वैत, सई,

पंधरा दिवसांपूर्वी शाळेची स्मरणिका आली. तिच्यातला तुमच्या या आजीचा फोटो तुमच्या बाबाने तुम्हाला पाठवला आणि तुम्ही दोघांनी त्यावर लाल बदाम टाकले. फोटोखाली लिहिलं आहे, "डिजिटल शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या आमच्या मॅडम." मी बोर्डावर हात ठेवून हसते आहे. ते बदाम मला सहन झाले नाहीत. उद्या हा फोटो तुम्ही कुणाला तरी कौतुकाने दाखवाल. त्याआधी तो कसा काढला गेला, ते तुम्हाला कळलं पाहिजे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर बाबाला मोठ्याने वाचायला लावा. त्यानेही ऐकावं.

त्या दिवशी शाळेत स्मार्ट बोर्डाचं उद्घाटन होतं. गाव राणीसावरगावच्या पुढचं, शाळा खासगी संस्थेची. संस्थेचे सचिव पहिल्या खुर्चीत बसले होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मागे गावातले चार मोठे लोक, कडेला आम्ही शिक्षक, खाली सतरंजीवर माझा आठवीचा वर्ग. बोर्डाचा आवाज कसा येतो हे पाहुण्यांना दाखवायचं होतं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे हात केला.

"बाई, तुमचा मोबाइल आणा इकडं. तुमचं लय चालतंय म्हणं मोबाइलवर."

मी दिला. आमच्या शाळेत भाऊसाहेबांनी हात पुढे केला की विचारायची पद्धत नव्हती. क्लार्कने फोन बोर्डाला जोडला आणि माझ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला सगळ्यात ताजा निरोप लावला.

माझ्या वर्गातल्या शीतलचा आवाज खोलीभर झाला. "गुड आफ्टरनून मॅडम. आय यम कटिंग शुगरकेन. माय मदर इज कटिंग शुगरकेन. माय लिटल ब्रदर इज स्लीपिंग अंडर द..." ती थांबली. मागे कोयत्याचे घाव ऐकू आले. मग ती हळूच म्हणाली, "बैलगाडी."

पाहुणे हसले. भाऊसाहेब सगळ्यात मोठ्याने.

"कोण्या विलायतेत शिकायलीय ही?" मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बराबर हाय की. मोंढ्यातल्या हमालाची लेक इंग्रजी शिकवायली. पोरी उसातलंच बोलणार!"

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहायचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुमच्या बाबाला ते सांगायला आवडत नाही. मी त्याच घरातून इंग्रजीत एम.ए. झाले. सत्तावीस वर्षं त्या शाळेत शिकवलं. आणि त्या दिवशी माझे सहकारी जमिनीकडे बघत उभे राहिले. एक जण हसलासुद्धा. तो एकेकाळी माझाच विद्यार्थी होता.

आता त्या ग्रुपबद्दल सांगते.

आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा वर्ग रिकामा होतो. आईबाप ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, मुलं बरोबर जातात, पाडव्याच्या आसपास परततात. पाच महिने मुलं वर्गातून तुटतात आणि बरीचशी कायमची तुटतात. मी मोबाइलवर त्यांचा ग्रुप केला. एका टोळीत धड चालणारा फोन एखादाच, तिथे व्हिडिओ सहसा उघडत नाहीत, आवाज मात्र पोचतो. मी रोज एक मिनिटाचा प्रश्न पाठवायची. भाकरीच्या सुट्टीत मुलं उत्तर बोलून पाठवायची. दुपारी दोनला मी ते वर्गात लावायची. माझ्यासमोर उघड्या डोळ्यांनी झोपणारी पोरं पहिला प्रश्न कुणी विचारायचा यावरून भांडू लागली. फडात साप निघतो का, पाणी कुठून आणता, रात्री पाचटाच्या कोपीत थंडी वाजते का. सगळं इंग्रजीत विचारायचं, हीच अट. शीतल वर्गात तीन वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. फडातून ती रोज बोलू लागली.

हसणं ओसरल्यावर भाऊसाहेब खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले. आवाज खाली आणला.

"ही पोरगी आज हजेरीत हजर हाय. मंग कारखान्यावर कशी?"

इथे मला माझंही सांगावं लागेल. कागदावर आमचा वर्ग कधीच रिकामा नसायचा. मुलं कमी दिसली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो. म्हणून फडातली मुलं रोज हजर. तपासणी आली की खालच्या वर्गातली मुलं आणून बसवायची, त्यांच्याकडून नावं पाठ करून घ्यायची. सहावीतली एखादी मुलगी उभी राहून शीतलच्या नावाला "येस मॅडम" म्हणायची. ती हजेरी मीच घ्यायची. वर्षानुवर्षं. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. सगळे घेत होते, मीही घेतली. पुराव्यासारखा एखादा आवाज बाहेर आला, तेव्हाच ते सगळ्यांना टोचलं.

"काढून टाका समदे. आत्ता. माझ्या म्होरं."

मी काढले. एकेक नंबर दाबून, एकेक मूल. सगळी खोली बघत होती. शेवटचा नंबर शीतलच्या वडिलांचा होता.

मग फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, बोर्डावर हात ठेवा. हसा थोडं."

मी हसले. हा तो फोटो.

चौथ्या दिवशी मी वहीतपासणी करत बसले होते. फोन वाजला. शीतल. मागे ट्रकचं इंजिन चालू होतं, म्हणून ती ओरडून बोलत होती.

"मॅडम, बैलगाडीला बुलक कार्ट म्हणत्यात. वजनकाट्यावरच्या साहेबाला इचारलं मी. आता परत घ्या की मला!"

ती समजली होती की एक शब्द चुकला म्हणून मी तिला काढलं. तिचा एक शब्द चुकला म्हणून बाकीच्यांनाही काढलं, असंही तिला वाटलं होतं. माफी मागून झाल्यावर तिने बुलक कार्टचं स्पेलिंग सांगितलं. दोनदा. मला ऐकू आलं नसेल म्हणून.

माझ्या अंगातून काहीतरी गेलं ते तेव्हा. भीती म्हणा. भाऊसाहेबांनी माझ्या बापाचं नाव काढलं तेव्हा मला राग आला होता, पण मी हसून फोटो दिला होता. या पोरीपुढे मला हसता आलं नाही. फोन ठेवला आणि काढलेले सगळे नंबर परत घातले.

पुढच्या आठवड्यात तपासणी आली. वर्ग भरलेला. निम्मी मुलं सहावीची. साहेब खुर्चीत, शेजारी भाऊसाहेब. मी हजेरी सुरू केली. शीतलचं नाव घेतलं. एक लहानशी मुलगी उभी राहिली. "येस मॅडम."

मी म्हटलं, "बस बाळा. तू शीतल नाहीस. तुझ्या वर्गात जा."

मी फोन बोर्डाला जोडला आणि व्हिडिओ कॉल लावला. चित्र अडकलं, तुटलं, मग आलं. डोक्याला फडकं बांधलेली शीतल, हातात कोयता, मागे तोडलेला ऊस. तिला समोर अख्खा वर्ग दिसला आणि ती कोयता पाठीमागे लपवायला लागली.

"ही कोणती शाळा?" साहेबांनी विचारलं.

"हीच, सर. आठवी. तुमच्या हातातल्या हजेरीत ही आज हजर आहे. अशी चौदा मुलं आहेत. मी त्यांना इथून शिकवते. ती इथे नाहीत, हे लिहून घ्या. ती शिकतात, हेही लिहा."

साहेबांनी हजेरीपट बंद केला. "चहा घेऊ या," म्हणाले.

काहीही लिहिलं गेलं नाही. बाहेर व्हरांड्यात भाऊसाहेबांनी मला गाठलं. "नाक कापलं संस्थेचं. हमालाची लेक ती हमालाचीच. घ्या ह्या पोरी पाठीवर अन् फिरा."

मी म्हटलं, "फिरेन."

त्यानंतर माझ्याकडून इंग्रजी काढलं. पाचवीची चित्रकला दिली. हजेरीपट दुसऱ्याकडे गेला आणि मुलं कागदावर पुन्हा हजर होऊ लागली. निवृत्तीच्या दिवशी निरोप झाला नाही. मी पिशवी घेतली आणि गंगाखेडची एसटी पकडली. त्याच लोकांनी आता मला स्मरणिकेत छापलं आहे, कारण डिजिटल शाळा म्हणून कुणाला तरी दाखवायला एक चेहरा हवा. मी संस्थेला पत्र पाठवलं आहे. त्यात त्या दिवशीची सगळी हकिकत तारखेनिशी लिहिली आहे, आणि माझ्या खोट्या हजेऱ्यांचीही. एक प्रत जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात दिली, पोच घेतली. उत्तर नाही. महिन्याभराने दुसरं पाठवीन. मग तिसरं.

त्या वर्गातल्या दोन मुलींची लग्नं नववीच्या आत झाली. ती मला थांबवता आली नाहीत. शीतल बारावीला आहे.

तो ग्रुप चालू आहे. रोज दुपारी दोनला, या हंगामातही. शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. त्या दोन मुलीही त्यात आहेत. एक नुसतं ऐकते, दुसरी अधूनमधून बोलते. प्रश्न मी पाठवते, उत्तरं शीतल तपासते. ग्रुपमध्ये आज एकोणीस नंबर आहेत. मी जिवंत असेपर्यंत त्यातला एकही मी काढणार नाही.